लोटन नानांच्या फायलीत मला काही सापडलं नाही

चूक माझी होती. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. शेवटी लिहायचं ठरवलं तर मधल्या पानांत मी ती इतकी घासून लहान करीन, की तुम्हीच म्हणाल, एवढंसं तर होतं. एका माणसाने तीन वेळा लिहून ठेवलेली गोष्ट मी कंप्युटरमध्ये शोधली. मला ती सापडली नाही. आणि मी सात जणांना लेखी कळवलं की त्याने ती लिहिलेलीच नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'कामातल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलं होतं. गमतीजमती आहेत, त्याही सांगतो. पण फराळाबरोबर माझं पापही वाचावं लागेल, त्याला इलाज नाही.

जळगावच्या एका केळीच्या कंपनीत मी सतरा वर्षं कंप्युटर सांभाळले. बागेतून हिरवी केळी घ्यायची, थंड बंद खोल्यांत ठेवून पिकवायची आणि पिवळी करून बाजारात धाडायची, हा कंपनीचा व्यवसाय. ऑफिस जळगावला, पिकवायच्या खोल्या धुळ्याजवळ हायवेला लागून. त्या खोल्यांना आम्ही चेंबर म्हणायचो. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर इंग्रजीत मोठं पद छापलेलं होतं. प्रत्यक्षात नियम सोपा होता: जिला वायर आहे ती वस्तू संजूभाऊची. प्रिंटर माझा, वजनकाटा माझा, शेठच्या केबिनमधला टीव्ही माझा. शेठच्या मातोश्रींची पाय दाबायची खुर्ची उलटी फिरायला लागली तेव्हाही मलाच बोलावलं होतं. आई खुर्चीत बसलेल्या होत्या आणि उतरायला तयार नव्हत्या. त्यांना ते आवडलं होतं.

या सगळ्यात माझा खरा अभिमानाचा विषय एकच होता. शोधणं.

बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. कंप्युटरमध्ये रोज ढीगभर मजकूर साठत असतो. नुसती अक्षरं, ओळीखाली ओळ. कुठलं मशीन कधी सुरू झालं, कोणी काय लिहिलं, काय बंद पडलं. या फायली कोणी वाचत नाही. नोंदी लिहायच्या असतात, वाचायच्या नसतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक ऑफिसचं न लिहिलेलं कलम आहे. पण काही बिघडलं की मग सगळ्यांना त्या ढिगातली एकच ओळ हवी असते, आणि आत्ताच्या आत्ता हवी असते.

आमचा सर्व्हर लिनक्सवर चालायचा. लिनक्समध्ये काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून काम करता येतं, आणि त्यात शोधायची एक आज्ञा आहे, तिचं नाव ग्रेप. जळगावच्या डाळ मिलमध्ये डाळ निवडायचं यंत्र ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. दाणे झरझर खाली पडत असतात आणि काळा दाणा दिसला की यंत्र फुंकर मारून तो बाजूला उडवतं. ग्रेप तसंच करतं. त्याला नमुना सांगायचा. ते एकेक ओळ बघतं, नमुना जुळला की ती ओळ तुमच्यासमोर टाकतं, नाही जुळला की पुढे. वर्षाच्या नोंदी डोळ्याचं पातं लवायच्या आत. मागे उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, हा कुठल्या तरी बँकेत शिरलाय. मी तसं वाटू द्यायचो. काळ्या पडद्यामुळे अंगावरचा मळका शर्टही जरा शोभतो.

एकदा शेठ माझ्या टेबलापाशी आले. इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"संजू, धुळ्याचे ऑपरेटर ते रोजचं लिहितात ना, त्यात माझं नाव कुठं कुठं येतं, बघता येईल?"

"कशासाठी शेठ?"

"असंच. माणसाला कळायला पाहिजे, लोक आपल्याबद्दल काय विचार करतात."

धुळ्याचे तीन ऑपरेटर पाळीपाळीने दर दोन तासांनी चेंबरचं तापमान आणि चार शब्द लिहायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी 'शेठ' शोधलं. लोक शेठबद्दल काहीच विचार करत नव्हते. "शेठ आले. शेठ गेले. बाकी ठीक." अशा ओळी रांगेने आल्या. आणि त्यांच्यामध्ये ही एक: "शेठ चेंबरमध्ये मोबाईलवर बोलत उभे, दार उघडं, तापमान चारने वाढलं, सांगायची हिंमत झाली नाही."

ग्रेपला उलटंही वापरता येतं. आज्ञेत व्ही अक्षर जोडलं की जुळणाऱ्या ओळी सोडून बाकीच्या दाखवतं. मी 'दार उघडं' ज्यात आहे त्या ओळी वगळल्या आणि उरलेली यादी शेठना दिली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली.

"बाकी ठीक म्हणतात," ते म्हणाले.

"हो शेठ."

"चांगली माणसं आहेत आपली."

त्या उलट्या शोधाची आणखी एक गोष्ट. धुळ्यातल्या आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाला मी फुकट मदत करायचो. मुलांची माहिती एका फायलीत, एका मुलाची एक ओळ. नाव, गाव, शिक्षण, काम, जमीन. एक आबा मुलीसाठी स्थळ बघायला आले. कडक टोपी, हातात पिशवी, पिशवीत मुलीच्या फोटोंचा आख्खा अल्बम.

"भाऊ, शेतीवाला बठ्ठा काढी टाक," आबा अहिराणीत म्हणाले. "माले पोरगा नोकरीवाला पाहिजे."

मी 'शेती' असलेल्या ओळी वगळल्या. आख्ख्या यादीतून दोन मुलं उरली. एक पुजारी आणि एक जण अजून शिकत होता.

"इतलाच?"

"आबा, बाकी सगळ्यांच्या ओळीत शेती आहे. इंजिनियरच्यासुद्धा. गावाकडे पाच एकर, दहा एकर."

"अरे ती शेती ऱ्हाऊ दे ना! जमीन पाहिजेच. पोरगा तिन्हामा जायला नको, इतलंच."

"आबा, यंत्राला तसं कळत नाही. शेती ठेव किंवा शेती काढ."

"मग कसानं यंत्र शे हाई?" आबा वैतागले. "आमनी पोरले बी समजस हाई!"

"आबा, तुम्ही काय करता?"

"शेती," आबा म्हणाले, आणि अल्बम उघडून बसले.

हे मी मजेत सांगतोय, पण आबांचं म्हणणं बरोबर होतं. यंत्राला अर्थ कळत नाही. त्याला जे सांगाल तेवढंच ते करतं आणि तेवढंच करून गप्प बसतं. दोनच मुलं का उरली, हे मी आबांना समजावून सांगितलं होतं. आपल्याच बाबतीत मात्र मला ते सुचलं नाही.

आता लोटन नाना.

लोटन नाना त्या तीन ऑपरेटरांपैकी सगळ्यात मोठे. पारोळ्याचे. रोज एसटीने धुळ्याला यायचे. आमच्याकडे यायच्या आधी पारोळ्यात एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचे. माणूस बारीक, आवाज खणखणीत, आणि लिहिण्याची भयंकर हौस. बाकीचे दोघे बहुतेक वेळा "टेंप १७ ओके" लिहून मोकळे व्हायचे. नाना वाऱ्याची दिशा लिहायचे. ट्रकवाला कुठल्या गावचा, त्याची केळी कशी, त्याचा स्वभाव कसा, सगळं. त्यामुळे नानांच्या नोंदी वाचायच्या भानगडीत कोणी अजिबातच पडत नसे.

एका हिवाळ्यात तीन नंबरच्या चेंबरमधला माल गेला. थंडीत केळी उकडली म्हटलं तर बाहेरच्या माणसाला हसू येतं. पण केळं पिकताना स्वतः गरम होतं. बंद खोलीत ती ऊब कोंडली तर आतल्या आत सालीखाली लगदा होतो, आणि वरून फळ हिरवंच. ती ऊब बाहेर काढायची म्हणून थंड करणारं मशीन, आणि त्या मशीनचा जीव म्हणजे कॉम्प्रेसर. तोच बसला होता. दार उघडलं तेव्हा आतून असा वास आला की हमाल म्हणाला, शेठ, आता दारूचं लायसन काढा.

शेठनी सगळ्यांना धुळ्याला बोलावलं. प्रश्न एकच होता: कॉम्प्रेसर एका दिवसात बसत नाही, आधी आवाज करतो. मग ऑपरेटरने सांगितलं का नाही? त्या आठवड्यात तीन नंबर नानांकडे होता.

"मी लिखेल शे," नाना म्हणाले. "तीन डाव लिखेल शे. आवाज करस म्हनीसन."

"कुठे लिहिलंय?"

"फाईलमा. आखो कोठे?"

मग नाना माझ्याकडे वळले. "आन या भाऊले फोन बी करेल व्हता."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मशीनच्या दुरुस्तीची तक्रार कंत्राटदाराच्या वेबसाइटवर टाकावी लागायची, म्हणजे तीही वायरमध्ये मोडायची, म्हणजे माझी. मी म्हणालो, "मला आठवत नाही नाना."

हे खोटं नव्हतं. मला आठवत नव्हतं. पण आठवायचा प्रयत्नही मी केला नाही, आणि हा फरक त्या क्षणी मला कळत होता.

शेठ म्हणाले, "संजू, तुझं ते शोधायचं यंत्र चालव. दूध का दूध."

धुळ्याच्या मशीनवर फायली राहत नसत. रोज सकाळी त्या जळगावच्या सर्व्हरवर ओढून घ्यायची सोय मीच केली होती, आणि ओढल्या की तिथल्या पुसायचीही. त्यामुळे नाना तिथल्या तिथे काही दाखवू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी जळगावला शोध घेतला. आणि मी तो कसा घेतला, ते ऐका, म्हणजे माझा ताठा किती होता हे कळेल.

कॉम्प्रेसर हा शब्द आमचे ऑपरेटर कसाही लिहायचे. कोणी सी लावून, कोणी के लावून, कोणी मधली अर्धी अक्षरं गिळून. ग्रेपमध्ये याची सोय असते. नमुन्यात टिंब दिलं की त्या जागी कुठलंही एक अक्षर चालतं, चौकटी कंसात दोन अक्षरं दिली की दोन्हींपैकी एक चालतं. मी असा नमुना बांधला की जगात कॉम्प्रेसर जितक्या प्रकारे चुकवता येईल तितक्या सगळ्या प्रकारे सापडावा. बाकीच्या दोघांच्या फायलींत तो सापडला, आधीच्या महिन्यांतला. नानांच्या फायलींतून एकही ओळ आली नाही. एकही नाही. मी 'आवाज' शोधलं. नाही. 'बिघाड' शोधलं. नाही.

इथे खरं तर माझ्या मेंदूत घंटा वाजायला हवी होती. लोटन नानांसारखा माणूस, ज्याने ट्रकवाल्याच्या मेहुण्याची तब्येतही लिहून ठेवली असती, त्याच्या फायलींत एवढ्या शब्दांपैकी एकही नाही?

शोध चालू असतानाच नानांचा फोन आला. "भाऊ, फाईल उघडी देख ना एकदाव. डोयाघाई देख."

"डोळ्यांनी बघायची गरज नसते नाना," मी म्हणालो. "माणूस चुकतो. हे चुकत नाही."

मग मी मेल लिहिला. शेठ, त्यांचे धाकटे भाऊ, धुळ्याचे मॅनेजर आणि आणखी चार जण, अशा सात लोकांना. "सर्व नोंदी तपासल्या. लोटन नाना यांनी कॉम्प्रेसरबाबत काही लिहिल्याची नोंद आढळली नाही." खाली माझं नाव आणि ते लांबलचक इंग्रजी पद.

शेठनी नानांना काढलं नाही. त्यांना बाहेर माल उतरवायच्या जागी क्रेट मोजायला बसवलं, आणि ते काढण्यापेक्षा वाईट झालं. धुळ्याचे हमाल काही दयाळू जमात नाही. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "नाना, जेवण झालं का?" नाना हो म्हणाले. "नोंद कोठे शे?" सगळे हसले. मग ते रोजचं झालं. नाना मुतारीकडून आले की नोंद कुठंय. नानांनी नातू झाल्याचे पेढे आणले, तर पेढा तोंडात टाकून, "नाना, खरंच झाया का? नोंद आढळनी नही." मीही तिथे एकदा उभा होतो. मी हसलो नाही. पण थांबवलंही नाही. पेढा मात्र खाल्ला.

महिनाभराने नाना यायचे बंद झाले.

यानंतर दोन वर्षं गेली. नवा सर्व्हर आला. जुन्या फायली त्यावर नेल्या आणि काम नीट झालं का बघायला मी एक साधा शोध चालवला. दाराचं रबर कधी कधी बदललं, एवढंच. पडद्यावर ओळी येण्याऐवजी एक वेगळाच संदेश येऊ लागला. अमुक फाईल बायनरी आहे, आत नमुना जुळतो. मग पुढची. मग पुढची. पडदाभर. आणि प्रत्येक फायलीचं नाव लोटनपासून सुरू होत होतं.

बायनरी म्हणजे अक्षरांची नसलेली फाईल. फोटो, गाणी वगैरे. ग्रेप अशा फायलीतल्या ओळी दाखवत नाही, फक्त 'आत काहीतरी आहे' एवढं सांगतं. आता मला काहीतरी आठवलं. ऑपरेटर लोक नोंदींच्याच फोल्डरमध्ये केळीचे फोटो टाकायचे, आणि शोधताना मध्येच त्या फोटोंची नावं येऊन मला त्रास व्हायचा. म्हणून कधीकाळी मी जुन्या सर्व्हरवर शोधाच्या आज्ञेला एक मोठा आय कायमचा चिकटवून ठेवला होता. मोठा आय म्हणजे बायनरी फायलींत काहीच नाही असं समज, आणि मला सांगूही नकोस. नव्या सर्व्हरवर तो चिकटवायचा राहून गेला होता. मी दोन वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या सुंदर नमुन्याने नानांची एकही फाईल वाचलेली नव्हती.

मी नानांची एक फाईल उघडली. डोळ्यांनी. सगळ्यात वर एका ओळीत काही चित्रविचित्र खुणा होत्या, आणि त्याखाली नेहमीसारखा मजकूर. दुसरी उघडली. तशाच खुणा. सगळ्यांना. पहिल्याच ओळीत न ओळखता येणाऱ्या खुणा दिसल्या की ग्रेप आख्खी फाईल बायनरी समजतं. बस्स, एवढंच होतं.

त्या आठवड्याच्या फायली काढल्या. सोमवार: "तीन नंबर कॉम्प्रेसर आवाज करतो, गिरणीच्या पट्ट्यासारखा." मंगळवार: "आवाज वाढला. संजूभाऊला फोन केला. टाकतो म्हणाले." बुधवार: "अजून कोणी आलं नाही. संजूभाऊ कामात असतील."

मंगळवार वाचल्यावर मला आठवलं. ममुराबादकडच्या एका शेतात भरीत पार्टी होती. तुराट्यांवर वांगी भाजून झाली होती, आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ती ठेचायला मी बसलो होतो. दोन्ही हात भरलेले. मित्राने फोन कानाला धरला. नाना काहीतरी आवाजाचं सांगत होते. मी म्हणालो, "टाकतो नाना, टाकतो." मित्र म्हणाला, "मिरच्या टाक आधी." मी मिरच्या टाकल्या.

यानंतर मी लगेच पारोळ्याला धावलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी पाच महिने काही केलं नाही. जुन्या सर्व्हरवरचा मोठा आय काढून टाकला. नानांच्या फायलींची एक प्रत मोबाईलमध्ये जपून ठेवली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जा ना." मी म्हणालो, जातो. हा माझा 'टाकतो'चाच चुलतभाऊ.

शेवटी एका रविवारी एसटीत बसलो. एरंडोलला उतरून परत फिरावंसं वाटलं, पण गाडी थांबून लगेच सुटली. पारोळ्याला बाजाराच्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानात नाना बसले होते. पुन्हा लग्नपत्रिका जुळवत होते. मला पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"ये भाऊ. बठ. कोनं लगीन शे?"

"लग्न नाही नाना. मी माफी मागायला आलोय."

नानांनी पत्रिका बाजूला सरकवली. मी सगळं सांगितलं. मोठा आय, फोटो, नवा सर्व्हर. नाना मन लावून ऐकत होते.

"नाना, तुम्ही प्रत्येक फायलीच्या वर ते काय लिहायचे?"

"श्री," नाना म्हणाले. "दुसरं काय लिखतस वर?"

छापखान्यातला जुना मराठी फाँट. पत्रिकेवरचा श्री त्यांनी पेन ड्राइव्हवर धुळ्याला नेला होता आणि रोज नव्या फायलीवर आधी तो चिकटवायचे. धुळ्याच्या मशीनमध्ये तो फाँट नव्हता, त्यामुळे पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या खुणा दिसायच्या. नानांना ते चालत होतं. देवाला फाँट लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. कोऱ्या पानावर श्री न लिहिता सुरुवात करणं त्यांच्या हाताला जमतच नव्हतं.

"त्या श्रीमुळेच यंत्राने तुमची फाईल वाचली नाही नाना."

नाना एवढ्या जोरात हसले की झेरॉक्सवाला मागे वळला.

"म्हंजे तुनं यंत्र भूत शे का काय? देवनं नाव देखताच पळस!"

मीही हसलो. मला वाटलं, झालं. माफी झाली. मी चहा सांगितला. चहा आला, आम्ही प्यालो. मी उठायला लागलो, तेव्हा नाना हसायचे थांबले होते.

"भाऊ, मना नातू आते अंगनवाडीमा जास. त्यानं नाव काय शे, माहीत शे का गल्लीमा?"

मी मानेनेच नाही म्हणालो.

"नोंद. धुळाना एक हमाल आठे ऱ्हास. त्यानी नाव पाडं. पोरगा दोन वरीसपासून नोंद शे."

"नाना, मी…"

"तू मेल कितला लोकेसले धाडा व्हता?"

"सात."

"आन माफी एकलाले? तीबी चहावर?" नाना शांतपणे म्हणाले. "चहा चांगला व्हता, त्याबद्दल मना काही वाद नही."

मी परत बसलो. मोबाईल काढला. जुना मेल शोधला, त्याच सात जणांना उत्तर म्हणून लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर फोन नानांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा खाली ओढून वाचला. पत्रिकेतल्या चुका पाहायची सवय, एकेका शब्दावर थांबत. माझ्या शोधाची चूक त्यात होती, न वाचलेल्या फायली होत्या, नानांनी तीनदा लिहिलं होतं हे होतं.

नानांनी फोन परत दिला.

"एक ओळ ऱ्हायनी," ते म्हणाले. कुठली, ते बोलले नाहीत. पत्रिका पुढे ओढून आपल्या कामाला लागले.

कुठली, ते मला माहीत होतं. ती ओळ लिहिली की धुळ्यातलं 'मला आठवत नाही' सात जणांसमोर उघडं पडणार होतं. नोकरी राहील का, हा विचार आला. तो आला, हेही इथे कबूल करतो. मग ओळ लिहिली आणि पाठवून दिलं. नानांनी विचारलं नाही. मी पाठवल्याचं दाखवलं, तेव्हा फक्त मान हलवली. पुढे त्या कंपनीत मी फार दिवस राहिलो नाही. तो भाग सांगण्यासारखा नाही, पण मेल सांगण्यासारखा आहे. तो असा होता:

"दोन वर्षांपूर्वी मी कळवलं होतं की लोटन नाना यांची नोंद आढळली नाही. ते चूक होतं. नोंद तीन वेळा केलेली होती. माझ्या शोधाने त्यांच्या फायली वाचल्याच नाहीत, आणि त्यांनी सांगूनही मी त्या उघडून पाहिल्या नाहीत. तिन्ही नोंदी सोबत जोडत आहे. नानांनी त्या मंगळवारी मला फोनही केला होता. तक्रार टाकतो असं मी म्हणालो आणि टाकली नाही. तीन नंबरचा माल माझ्यामुळे गेला. नाना खोटं बोलले नव्हते. मी त्यांची माफी मागतो, आणि हे धुळ्याला माल उतरवणाऱ्या सर्वांना वाचून दाखवावं, अशी विनंती करतो."